निम्मे किरण

सोमवारी सकाळी सव्वानऊच्या सुमाराला फोन वाजला तेव्हा मी शिरोलीला आमच्या शॉपमध्ये एका व्हॉल्व्हच्या साच्यावर रंधा मारत होतो. मी पॅटर्नमेकर. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत जो आकार उमटवायचा असतो, तो लाकडात करून देणं हे माझं काम.

"काका, मी नसीम. कुठं आहात?"

नसीम शिकलगार म्हणजे माझ्या बायकोच्या हाताखालची पोरगी. दोघी हॉस्पिटलात सीटी स्कॅनच्या यंत्रावर कामाला होत्या.

"कामावर. का गं?"

"मॅडमना जरा बरं वाटंना झालंय. तुम्ही या. आणि काका, गाडी स्वतः चालवत येऊ नका. कुणाला तरी संगं घेऊन या."

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी रंधा खाली ठेवला. जरा बरं वाटत नसलेल्या बायकोच्या नवऱ्याला कोणी असं सांगत नाही.

विजू, म्हणजे विजयमाला, यंत्र चालू करायला म्हणून आत गेली आणि तिथंच कोसळली होती. नसीमनं आणि वॉर्डातल्या दोघांनी तिला उचलून त्याच यंत्राच्या टेबलावर घेतलं. सोळा वर्षं ज्या टेबलावर तिनं दुसऱ्यांना झोपवलं, त्याच्यावर त्या दिवशी ती झोपली. डॉक्टर उपाध्ये मला काचेच्या अलीकडं घेऊन गेले आणि पडद्यावर तिच्या डोक्याचा फोटो दाखवला. मध्यभागी मुठीएवढा पांढरा डाग होता.

"मिस्त्री, हे पांढरं दिसतंय ते रक्त. मेंदूत सांडलंय. आता आपल्या कुणाच्या हातात काही राहिलेलं नाही."

"फोटो बरोबर आलाय ना?" मी विचारलं. काय बोलतोय ते मला कळत नव्हतं.

"बरोबर आलाय," नसीम म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

दुपारी चारला विजू गेली. सत्तेचाळीस वर्षांची होती.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं. बाराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. तेराव्या दिवशी पाहुणे गेले, मुलगी पुण्याला तिच्या नोकरीवर गेली. पुढच्या बुधवारी सकाळी नसीम आली. हातात मोठी पिशवी होती.

"मॅडमच्या कपाटातलं सामान आहे. तिथं ठेवून धूळ बसायला लागली, म्हणून घेऊन आले."

"बस. चहा टाकतो."

"तुम्ही नको. मी करते."

"दूध नासलंय. तू केलास तरी कोराच होणार. बस."

कोरा चहा घेत तिनं पिशवीतलं एकेक काढून ठेवलं. पांढरा कोट. डबा. अंगावर किती किरण पडले ते मोजणारा बिल्ला, जो तिथल्या प्रत्येकाला लावावा लागतो. एक शंभर पानी वही. आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली कांडी. ती कांडी मीच केलेली होती. पांढरट, चौकोनी, वीतभरापेक्षा बरीच आखूड.

"ही तरी तिथंच राहू द्यायची होतीस," मी म्हणालो. "लागेल की."

नसीमनं कप खाली ठेवला.

"आता नाही लागणार काका. परवा शुक्रवारी इंजिनिअर येतोय. मॅडमचं सेटिंग पुसून जुनं घालायचं सांगितलंय डॉक्टरांनी."

हे सेटिंग म्हणजे काय, ते विजूनं मला जेवताना, भांडी घासताना, स्कूटरवर मागं बसून इतक्या वेळा सांगितलं होतं की मला पाठ झालं होतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत वयाप्रमाणं चुना साचतो. कॅल्शियम. सीटीत तो पांढरा दिसतो. किती साचलाय हे यंत्र मोजतं आणि त्या आकड्यावरून पुढं झटका यायची भीती किती ते डॉक्टर सांगतात. सुई नाही, औषध नाही. झोपायचं, श्वास धरायचा, उठायचं. पण किरण अंगातून जातात ते जातातच.

आमच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्यांनी मिळून ठरवलं होतं की भट्टीवर काम करणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांची ही तपासणी करायची. सहाशे माणसं होती. तेव्हापासून विजूच्या डोक्यात हे शिरलं.

"आजारी माणूस आला, तर लागतील तेवढे किरण द्यायचे," ती म्हणायची. "तिथं चिक्कूपणा करायचा नाही. पण ही माणसं धडधाकट आहेत हो. आपण बोलावलंय म्हणून यायलीत. त्यांना गरजेपेक्षा जास्त कशाला द्यायचे?"

"मग कमी कर की. तुझ्याच हातात बटण आहे."

"बटण आहे, पण कुठवर कमी करायचं? फार कमी केलं की फोटो दाणेदार येतो. तुमच्या वाळूगत. मग यंत्र त्या दाण्यालाच चुना समजतं आणि आकडा फुगतो. धडधाकट माणसाला आम्ही सांगायचं, बाबा तुझ्या हृदयात चुना आहे. झोप लागेल का त्याला?"

म्हणून तिला आधी माणसाऐवजी दुसऱ्या कशावर तरी मोजून बघायचं होतं. मी तिला छातीच्या आकाराचा फायबरचा एक डबा करून दिला. त्यात पाणी भरायचं आणि मधोमध चुन्याची कांडी अडकवायची. कांडीचं माप तिनं कागदावर लिहून दिलं होतं. वीस मिलिमीटर रुंद, वीस उंच, शंभर लांब. म्हणजे बरोबर चाळीस घनसेंटिमीटर. यंत्रानं चाळीस सांगितलं तर यंत्र खरं बोलतंय.

पहिली कांडी मी घरीच, तिच्यासमोर बसून केली. मेणात तिनं वजन करून दिलेली कॅल्शियमची पावडर मिसळून. नेहमीच्या पूर्ण किरणांवर तिनं ती चारदा मोजली. चारही वेळा चाळीस, एकोणचाळीस पूर्णांक नऊ, चाळीस, चाळीस. त्या दिवशी बाईसाहेब येताना पेढे घेऊन आल्या होत्या.

आणि आता किरण निम्म्यावर आणून मोजायचं, तर एप्रिलच्या उन्हात कांडी स्कूटरच्या डिकीत राहिली. संध्याकाळी तिनं ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"हे काय?" मी म्हणालो. "केळं आणलंस?"

"हसू नका."

"हसत नाही. सोलून देऊ का?"

ती रडकुंडीला आली होती आणि हसतही होती. "दुसरी करून द्या ना. अगदी अशीच. म्हणजे अशी नाही, आधी होती तशी."

"देतो. या वेळी रेझिनमध्ये करतो. उन्हाला दाद देणार नाही."

ही दुसरी कांडी मी शॉपवर केली. त्या आठवड्यात पोलादाच्या व्हॉल्व्हचं मोठं काम आलं होतं, मान वर करायला फुरसत नव्हती. जेवणाच्या सुट्टीत रेझिन ओतलं, दुसऱ्या दिवशीच्या सुट्टीत रंधून, घासून मापाला आणली. शुक्रवारी तिला दिली. शनिवारी शेवटचा पेशंट गेल्यावर तिनं निम्म्या किरणांवर ती मोजली.

नसीमनं वही उघडून शेवटचं लिहिलेलं पान माझ्यापुढं धरलं. विजूचं अक्षर. 'निम्मा डोस – ४२.४. हवं ४०. जास्त का? सोमवारी हीच कांडी जुन्या डोसवर.'

"तेवढ्यात अपघाताचा पेशंट आला, म्हणून यंत्र सोडायला लागलं," नसीम म्हणाली. "डॉक्टरांनी तो आकडा बघितलाय. ते म्हणतात, दाणे मोजले गेले, आकडा फुगला. त्यांचं तरी काय चुकतंय काका? समोर दिसतंय ते दिसतंय. ते म्हणाले, विजयमाला असती तर मी तिला अजून महिना दिला असता. आता हे कोण निस्तरणार? सोमवारपासून शिबिर आहे."

"म्हणजे सहाशे माणसांना जुनाच डोस."

"होय."

ती गेली. कांडी हातात होती. आमच्या लोकांची एक खोड असते, हातात वस्तू आली की तिचं माप घ्यायचं. पाहुण्यांकडं गेलो तरी टेबलाची कड बोटांनी मोजतो. कपाटावर बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर होता. काही मनात धरून घेतला असं नाही. कांडी त्याच्या तोंडात धरली आणि वाचलं.

वीस पूर्णांक चार.

चष्मा पुसला, परत वाचलं. कांडी फिरवून दुसरी बाजू धरली. वीस पूर्णांक चार. लांबी बघितली. एकशे दोन.

मी उभा राहिलो.

लोखंड गार होताना आकसतं. म्हणून आम्हाला साचा मुळातच थोडा मोठा करावा लागतो. पोलाद असेल तर शंभराला दोन. दर मापाला हा हिशेब करत बसायला नको म्हणून आमच्याकडं पट्टीच वेगळी असते. दिसायला साध्या पोलादी पट्टीसारखीच. पण तिच्यावर जिथं शंभर लिहिलेलं असतं, तिथं खरे एकशे दोन असतात. एकतीस वर्षं मी त्या पट्टीवर काम केलं. ती उचलताना मला कळतसुद्धा नाही की मी कोणती पट्टी उचलली.

वहीच्या मागच्या पानावर मी गुणाकार केला. मला आकडेमोड पटकन येत नाही, दहावी आणि आयटीआय एवढंच माझं शिक्षण. तीनदा केला. तिन्ही वेळा बेचाळीस हजार चारशे अठ्ठेचाळीस आलं. घनसेंटिमीटरमध्ये बेचाळीस पूर्णांक चार.

वहीची पानं उलटून तिचा आकडा बघितला. बेचाळीस पूर्णांक चार.

विजूचं यंत्र चुकलं नव्हतं. निम्म्या किरणांत, फायबरच्या आणि पाण्याच्या पलीकडून, हात न लावता, त्या यंत्रानं माझ्या पट्टीतले शंभरातले दोन शोधून काढले होते. मी एवढी वर्षं लोखंडात काम केलंय. चांगली चांगली यंत्रं बघितली. पण त्या सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी मी जसा उभा राहिलो, तसा कुठल्या देवळातसुद्धा उभा राहिलेलो नाही.

अंगावर शर्ट चढवला, कांडी आणि व्हर्नियर पिशवीत टाकला आणि हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टर श्रेणिक उपाध्ये तेव्हा पंचावन्नचे असतील. बोलायला सरळ, पण एकदा ठरवलं की ठरवलं. मला बघून ते खुर्चीतून उठले.

"या मिस्त्री, बसा. कसं चाललंय?"

"डॉक्टर, शुक्रवारी इंजिनिअरला येऊ नको म्हणून सांगा."

ते खुर्चीत परत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "नसीम बोलली वाटतं. मिस्त्री, तिच्या कामाचा मला आदर आहे. दोन महिन्यांपूर्वी मीच तिला कर म्हणालो होतो. पण आकडा सहा टक्के जास्त आलाय. उद्या एखाद्याला मी चुकीचं सांगितलं तर तो जन्मभर धास्तीत राहील. आणि तुम्ही आत्ता ज्या दुःखात आहात..."

"माझं दुःख राहू द्या. तिनं सोमवारी एक मोजमाप करायचं ठेवलं होतं. वहीत आहे. तेवढं करा. हीच कांडी जुन्या डोसवर. मग काय पुसायचं ते पुसा."

"त्यानं काय होईल?"

"आधी यंत्राला बोलू द्या. मग मी बोलतो."

त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. मग बेल दाबून नसीमला बोलावलं.

"उद्याचा शेवटचा पेशंट कधीचा?"

"पाचला, सर."

"साडेपाचला डबा लाव. पंधरा मिनिटं देतो, मिस्त्री. त्यापेक्षा जास्त नाही."

गुरुवारी साडेपाचला आम्ही तिघं काचेच्या अलीकडं होतो. पलीकडं टेबलावर माझा डबा, पाण्यानं भरलेला, त्यात ती कांडी. यंत्राचं मोठं कडं फिरायला लागलं. गिरणीसारखा आवाज येईल असं मला वाटलं होतं. नुसता वारा सुटल्यासारखा आवाज आला.

"हा निम्मा डोस," नसीम म्हणाली.

पडद्यावर फोटो आला. विजूनं सांगितलं होतं तसाच, वाळूसारखा. पण आमच्याकडं वाळू दोन प्रकारची असते. एक भरड, जिच्यात बोट दाबलं तर कड ढासळते. दुसरी बारीक चाळलेली, जिच्यात अंगठ्याच्या रेषासुद्धा उमटतात. ही दुसरी होती. दाणे होते, पण मधल्या पांढऱ्या चौकोनाची कड कुठं ढासळली नव्हती.

नसीमनं चौकोनाभोवती रेघ ओढली. आकडा आला.

"बेचाळीस पूर्णांक पाच."

डॉक्टर माझ्याकडं न बघता म्हणाले, "तेच आलं की मिस्त्री. फुगलेलंच."

"आता जुन्या डोसवर."

नसीमनं बटणं फिरवली. कडं परत फिरलं. या वेळी फोटो गुळगुळीत आला, पॉलिश मारल्यासारखा. तिनं परत रेघ ओढली. आकडा यायला दोन-तीन सेकंद लागतात. विजू त्या दोन-तीन सेकंदांत रोज काय करत असेल, असा विचार माझ्या मनात आला.

"सर," नसीम म्हणाली. "बेचाळीस पूर्णांक चार."

"परत घे."

तिनं परत घेतला. बेचाळीस पूर्णांक चार.

डॉक्टर पुढं वाकले. "जुन्या डोसवर चाळीस यायला पाहिजे. आधी चार वेळा चाळीस आलंय. मग यंत्र बिघडलं का?"

मी पिशवीतून व्हर्नियर काढला आणि त्यांच्या हातात दिला. "आत जा आणि कांडी मोजा."

ते स्वतः आत गेले. बाह्या दुमडून डब्यातून कांडी काढली, कोटाला पुसली आणि मोजायला लागले. व्हर्नियर धरायची सवय नव्हती, दोनदा निसटला. काचेतून मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते. बाहेर आल्यावर नसीमच्या टेबलावरचा कागद ओढून त्यांनी गुणाकार केला. एकदाच केला.

त्यांनी कागद नसीमपुढं सरकवला.

"नसीम," ते म्हणाले, "चार दशांश मिलिमीटर. पाण्यातून. निम्म्या डोसवर." मग खुर्चीत बसले. "तीस वर्षं मी हे फोटो वाचतोय. अरे बापरे."

"पहिली कांडी मी घरी केली होती, साध्या पट्टीनं," मी म्हणालो. "ही शॉपवर केली. तिथं हाताला पोलादाची पट्टी लागली. तिच्यात शंभराचे एकशे दोन असतात."

"म्हणजे सेटिंग पहिल्यापासून बरोबर होतं."

"होय."

"आणि तिला ते कळलं नाही." ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होते. "पण विजयमाला इतकी बारकाईची बाई. चाळीसच्या जागी बेचाळीस आल्यावर पहिली शंका कांडीचीच यायला पाहिजे. तिनं तुम्हाला विचारलं कसं नाही?"

नसीम माझ्याकडं बघत होती. मला नाही म्हणता आलं असतं. त्या दोघांना कधी कळलंही नसतं.

"विचारलं होतं," मी म्हणालो.

कांडी मोजली त्या शनिवारी संध्याकाळी विजू घरी आली ती गप्पच होती. भाकरी थापल्या, मला वाढलं, स्वतःचं ताट घेऊन समोर बसली. घास मोडत नव्हती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. आकडा जास्त आलाय." थोड्या वेळानं म्हणाली, "अहो, कांडी मापाला आहे ना?"

मी ताटातला हात थांबवला. "काय म्हणालीस?"

"नाही, सहज विचारलं."

"एकतीस वर्षं झाली या हाताला. गावातले कारखानदार माझा साचा डोळे मिटून घेतात. आणि घरचीच बाई विचारते, मापाला आहे का?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"मग कसं होतं? तुझं यंत्र चुकलं ते बघ. माझा हात चुकत नाही."

"बरं, राहू दे," ती म्हणाली. "माझंच काहीतरी चुकतंय. सोमवारी परत बघते."

व्हर्नियर तिच्या डोक्यामागच्या कपाटावर होता, कांडी तिच्या पिशवीत. उठून घ्यायला दोन पावलं लागली असती. ती उठली नाही, कारण ती उठली असती तर मी आणखी चिडलो असतो, हे तिला ठाऊक होतं. रविवारी आम्ही फारसं बोललो नाही. सोमवारी सकाळी ती मला हाक न मारता कामाला गेली.

हे सगळं मी त्या दोघांना सांगितलं. सांगून झाल्यावर नसीम पाणी आणायला म्हणून बाहेर गेली ती लवकर आली नाही.

डॉक्टरांनी कागदाची घडी केली. "मिस्त्री, इंजिनिअरला मी येऊ नको म्हणून सांगतो. सोमवारी शिबिर तिच्याच सेटिंगवर सुरू होईल. रिपोर्ट लिहून हॉस्पिटलच्या ट्रस्टला द्यायला लागेल, त्यात तिचं नाव घालतो. कांडीचं आपण काही लिहायचं नाही. दुसरी करा, चाळीसची. संपला विषय."

"नाही. लिहा."

"कशाला?"

"शनिवारचा आकडा वहीत आहे, तुम्ही बघितलाय, चार जणांना सांगितलाय. तो का आला ते लिहिलं नाही, तर उद्या कुणीतरी म्हणणार, बाईचं जरा चुकलं होतं, मागनं सावरून घेतलं. केरबा सुतारनं चुकीच्या पट्टीनं कांडी केली, असं लिहा. तिचं बरोबर होतं हे कळायला माझं चुकलेलं लिहायलाच पाहिजे."

त्यांनी कागदाची घडी उलगडली. पेन काढलं आणि माझ्यासमोर लिहिलं. मला वाचून दाखवलं. मी खाली सही केली.

सोमवारी मी रजा टाकून हॉस्पिटलात गेलो. नसीमनं मला काचेपाशी स्टूल दिलं. पहिला आला बंडा मगदूम, भट्टीवरचा, माझ्या ओळखीचा. छातीवर ठोके मोजायच्या तारा चिकटवताना त्याचं तोंड चालूच होतं.

"मिस्त्री, तुम्ही हितं काय करालाय? मला वाळूत दाबून साचा काढायचा बेत हाय का?"

"गप पड. श्वास धर म्हणाली की धरायचा."

"बायको रोज धरायला लावती. सवय हाय."

कडं फिरलं. पडद्यावर त्याची छाती एकेका चकतीनं उलगडत गेली, कांदा कापल्यासारखी. मग हृदय आलं. मी जन्मात पहिल्यांदा जिवंत माणसाचं हृदय आतून बघत होतो. बंडा बाहेर चकाट्या पिटणारा माणूस, आणि त्याच्या आतली ती मूठ, करडी, त्या बारीक वाळूत दाबून उमटवल्यासारखी. नसीम एका चकतीवर थांबली आणि बोट ठेवलं. जोंधळ्याच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता.

"हा बघा काका. हा चुना. थोडाच आहे. गोळी चालू केली, बिडी सोडली की भागेल."

"आणि हे निम्म्यात दिसलं?"

"निम्म्यात दिसलं."

 विजू स्कूटरवर पाण्याचा तो डबा मागं बांधून का नेत होती, भाकरी करपेपर्यंत वहीत काय बघत होती, ते माझ्यासमोर होतं. बंडाला ते माहीत नव्हतं. तो शर्टाची बटणं लावत विचारत होता, नाश्ता कुठं मिळतो. त्याच्या अंगात आज जे निम्मे किरण गेले नाहीत, ते त्याला कधीच कळणार नव्हते. मला वाटलं, हे काम असंच असतं. जे घडलं नाही तेच तिनं केलं होतं.

अकरा वाजेपर्यंत मी तिथं बसलो. चौदा माणसं झाली. पंधरावे आप्पासाहेब चौगुले, एका फाउंड्रीचे मुकादम. वजनकाट्यावर उभे राहिले तेव्हा काटा एकशे चारवर गेला. नसीमनं बटणं फिरवली. गुरुवारी जुन्या डोससाठी फिरवली होती तशी.

"हे का बदललंस?" मी विचारलं.

"मॅडमचं सेटिंग ऐंशी किलोपर्यंतच आहे, काका. वरच्या माणसांत किरण जास्त अडतात, फोटो भरड येतो. त्यांच्यासाठी वेगळं मोजायला लागतं. त्याला मोठ्या छातीचा डबा पाहिजे. मॅडम तुम्हाला सांगणारच होत्या. आधी हे होऊ दे म्हणाल्या."

"माप दिलंय का कुठं?"

"वहीत आहे. मधल्या पानावर."

घरी येऊन बघितलं. होतं. रुंदी, उंची, खोली, सगळं लिहिलेलं, आणि शेजारी लहान अक्षरात 'यांना सांगायचं'.

त्या शिबिरात पाचशे ब्याऐंशी माणसं झाली. त्यातल्या नऊ जणांना पुढच्या तपासणीला पाठवलं. नसीम आता त्या विभागाची मुख्य आहे. डॉक्टर उपाध्ये निवृत्त झाले. ऐंशी किलोपर्यंतच्या माणसाला तिथं अजून विजूच्याच डोसवर घेतात. वरच्या माणसांना अजून जुनाच डोस देतात.

याला आता सात वर्षं झाली. मोठ्या डब्याच्या साच्यासाठी मी तेव्हाच सागवान आणलं होतं. फळ्या मापाला कापून ठेवल्यात, साध्या पट्टीनं. डबा अजून केलेला नाही. तिनं मला सांगायचं ठेवलेलं एवढं एकच काम उरलंय.